डॅनिश खुर्ची आणि तिच्यामागचे सुतार

वेत्रवती:

घर सजवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये निमुळते पाय, फिकट लाकूड आणि राखाडी गादी एकत्र दिसली की खाली 'डॅनिश स्टाइल' असं छापलेलं असतं. मी फर्निचर डिझाइन शिकवते. विद्यार्थी बहुधा हाच समज घेऊन येतात, की डेन्मार्कमध्ये दोनचार प्रतिभावंत जन्मले, त्यांना साधेपणा आवडत होता आणि जगाने तो उचलला. खरी हकीकत याहून कितीतरी रंजक आहे आणि तिच्या मध्यभागी सुतार आहेत. म्हणून हा धागा.

डेन्मार्क हा शेतीवर आणि दुधादुभत्यावर चालणारा लहान देश. कोळसा नाही, लोखंड नाही, त्यामुळे मोठे कारखाने तिथे उशिरा आले. हाताने काम करणाऱ्या छोट्या कार्यशाळा त्यामुळे टिकून राहिल्या. पण पहिल्या महायुद्धानंतर कारखान्यांचं स्वस्त फर्निचर बाजारात आलं आणि या कार्यशाळांना काम मिळेना. कोपनहेगनच्या सुतारांचा संघ सोळाव्या शतकापासूनचा. त्याने १९२७ साली स्वतःचं प्रदर्शन भरवलं. हेतू सरळ होता: आम्ही काय करू शकतो ते लोकांनी येऊन बघावं. सुरुवातीला त्यात जुन्या शैलीचंच सामान जास्त होतं. मग १९३३ पासून संघाने प्रदर्शनाला स्पर्धा जोडली. वास्तुरचनाकारांनी आराखडे द्यायचे आणि सुतारांनी ते प्रत्यक्षात आणायचे. १९६६ पर्यंत अशी ४० प्रदर्शनं झाली. देश जर्मनांच्या ताब्यात होता त्या वर्षांतही खंड पडला नाही.

दुसरी बाजू शिक्षणाची. १९२४ साली कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं आणि ते कोरे क्लिंटने उभं केलं. हा माणूस मोजायचा. माणूस बसतो तेव्हा गुडघा कुठे येतो, हात किती उंचीवर टेकतो, हे तर मोजायचाच, पण कपाट काढायच्या आधी घरातल्या वस्तूही मोजायला लावायचा. घडी घातलेला सदरा किती जागा घेतो? बारा जणांची ताटं, काटे-चमचे एकावर एक ठेवले तर उंची किती होते? खण त्या मापाने ठरणार. वरची नक्षी हा नंतरचा विषय.

आणि जुन्या वस्तूंशी त्याचं वैर नव्हतं. त्याच सुमारास जर्मनीत बाउहाउस या डिझाइन शाळेची मंडळी पाटी कोरी करून वाकवलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या बनवत होती. क्लिंट मात्र विद्यार्थ्यांना अठराव्या शतकातल्या इंग्रज खुर्च्यांची बारकाईने मापं घ्यायला लावत होता. जे शेकडो वर्षं वापरून सिद्ध झालंय त्यातलं निरुपयोगी तेवढं काढा, अशी ती शिकवण. मला स्वतःला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता १९४९ सालाकडे येते. त्या शरद ऋतूतल्या एकाच प्रदर्शनात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक फिन यूल या वास्तुरचनाकाराची 'चीफटन', ती घडवणारा सुतार नील्स व्होडर. दुसरी हान्स वेग्नरची 'राउंड चेअर', सुतार योहानेस हान्सेन. वेग्नर हा जर्मन सरहद्दीजवळच्या टोंडर गावातला, जोडे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागलेला. त्याच्या खुर्चीत पाठ आणि हात मिळून लाकडाची एकच अर्धगोल पट्टी आहे. ही पट्टी तीन तुकडे जोडून केलेली असते. पहिल्या आवृत्तीत पाठीला वेत गुंडाळून सांधे झाकले होते. पुढच्याच वर्षी वेग्नरने वेत काढून टाकला आणि दातेरी सांधा उघडा ठेवला. जोड दिसू देत, तो दाखवण्याइतका चांगला आहे, हे म्हणायला ज्याने पटाशी चालवली आहे असा डिझायनर लागतो.

याच्या पुढचं तुमच्या प्रतिसादांतून पुढे जाऊ दे.

दगडफूल:

वाचतेय. छान सुरुवात. दातेरी सांध्याचा मुद्दा पहिल्यांदाच कळला.

छावणी:

वेत्रवतीताई, एक भर घालतो. क्लिंटची १९३३ ची 'सफारी चेअर' थेट आपल्या रुरकीची आहे.

मी सैन्यात होतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात. कोर्सच्या निमित्ताने रुरकीला जाणं व्हायचं आणि तिथे जुन्या मेसमध्ये तिची मूळ खुर्ची बघितली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकाऱ्यांसाठी ती तिथे तयार झाली, म्हणून नाव 'रुरकी चेअर'. चार पाय, चार आडव्या काठ्या, कॅनव्हास आणि चामड्याचे पट्टे. खिळा नाही, सरस नाही. काठीची निमुळती टोकं पायाच्या भोकात बसतात, पट्टे आवळले की खुर्ची ताठ उभी राहते. सैल केले की सगळं एका पिशवीत मावतं. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात, कारण सांधे थोडे हलते असतात. क्लिंटने याच जातीच्या खुर्चीवरून आपली केली. मापं आणि लाकडाचे आकार साफ केले, रचना तीच ठेवली.

वेत्रवती:

छावणीकाका, अगदी बरोबर! आणि क्लिंटने हे कधी लपवलं नाही. चांगली वस्तू कुठली का असेना, ती समजून घेऊन पुढे न्यायची, ही त्याची पद्धतच. वेग्नरनेही १९४४ साली मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांवरून 'चायना चेअर' केली. त्याच मुळातून पुढे १९४९ ची 'वाय चेअर' आली. तीच, जिची पाठ इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. ओडेन्सेच्या कार्ल हान्सेन अँड सन या कंपनीने १९५० पासून ती बनवायला घेतली आणि आजही बनवतात.

अरुणोदय:

धागा आवडला, पण सुतारांना जास्तच श्रेय दिलं जातंय असं मला वाटतं. चांगले सुतार इटलीत होते, जपानमध्ये होते, आपल्याकडेही होते. जगात नाव डॅनिश फर्निचरचं झालं ते अमेरिकेमुळे.

घटनाक्रम बघा. १९४८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टशी संबंधित एडगर कॉफमन ज्युनियर याने 'इंटिरियर्स' मासिकात फिन यूलवर लेख लिहिला. १९५० मध्ये त्याच मासिकाने वेग्नरच्या खुर्चीचं कौतुक केलं. १९५१ मध्ये मिशिगनच्या बेकर कंपनीने यूलच्या डिझाइनचं फर्निचर विकायला सुरुवात केली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत विश्वस्त मंडळाचं सभागृह यूलनेच सजवलं. १९५४ ते १९५७ 'डिझाइन इन स्कँडिनेव्हिया' हे प्रदर्शन अमेरिका-कॅनडाच्या संग्रहालयांतून फिरत होतं. आणि २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी-निक्सन यांची टीव्हीवरची पहिली चर्चा झाली तेव्हा स्टुडिओत वेग्नरच्या राउंड चेअर होत्या. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

युद्धानंतर अमेरिकेत लाखो नवीन घरं उभी राहत होती. त्या घरांना जड व्हिक्टोरियन फर्निचर नको होतं आणि पोलादी नळ्या दवाखान्यासारख्या वाटत होत्या. मधला पर्याय डेन्मार्ककडे होता. शिवाय शीतयुद्धाच्या काळात लोकशाही देशातून आलेली, हाताने घडवलेली, घरगुती वस्तू ही प्रतिमाही विकली गेली.

वेत्रवती:

अरुणोदय, तुमचा घटनाक्रम पूर्ण मान्य. अमेरिका नसती तर या खुर्च्या डेन्मार्कबाहेर फार थोड्यांना माहीत झाल्या असत्या.

पण तारखाच परत बघा. कॉफमनचा लेख १९४८ चा. तोपर्यंत सुतारांच्या संघाची २१ प्रदर्शनं होऊन गेली होती, क्लिंटच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या होत्या, यूल आणि व्होडर ही जोडी १९३७ पासून एकत्र काम करत होती. अमेरिकन मंडळी कोपनहेगनला पोचली तेव्हा त्यांना तयार माल सापडला. शोधायला आलेल्या माणसाला काहीतरी सापडावं यासाठी आधी वीस वर्षं कोणीतरी न कंटाळता प्रदर्शन भरवावं लागतं. इटली-जपानच्या सुतारांकडे कसब होतं, पण दरवर्षी ठरलेल्या दिवसांत वास्तुरचनाकाराला आणि सुताराला एका टेबलाशी बसवणारी अशी व्यवस्था मला दुसरीकडे दिसत नाही.

आणि दोघांचं नाव लागायचं. व्होडरने केलेल्या फर्निचरवर तापलेल्या शिक्क्याने लाकडात उमटवलेलं असे: सुतार नील्स व्होडर, कोपनहेगन, डिझाइन फिन यूल. सुताराचं नाव आधी.

सुतारपक्षी:

नमस्कार मंडळी. वडील सुतार, मीही सुतार, नाशिकला स्वतःचं वर्कशॉप आहे. इथे फारसं लिहीत नाही, पण शिक्क्याची गोष्ट वाचून राहवलं नाही. आमच्याकडे डिझायनरचा बोर्ड साइटवर लागतो, आमचं नाव बिलावरसुद्धा नसतं.

लाकडाबद्दल सांगतो. डॅनिश फर्निचर म्हटलं की साग आठवतो ना? तो त्यांच्याकडे उगवत नाही, त्यांचं लाकूड बीच आणि ओक. साग आला आग्नेय आशियातून. साग हाताळायला सोपा नाही. त्यात वाळूसारखा बारीक अंश असतो, त्याने रंध्याचं पातं आणि करवतीचे दात लवकर बोथट होतात. वर तो तेलकट, म्हणून सरस धरण्याआधी सांधा पुसून कोरडा करावा लागतो. हाताने एकदोन खुर्च्या करणं निराळं आणि कारखान्यात हजारोंनी करणं निराळं. पोलादाहून कितीतरी कठीण अशा कार्बाइडची टोकं असलेली पाती आली तेव्हाच सागाचं मोठं उत्पादन परवडायला लागलं असणार.

सागाचा मोठा गुण म्हणजे पॉलिशचे थर चढवावे लागत नाहीत, तेल चोळलं तरी पुरतं. आमच्याकडे उलट झालं. चंद्रपूर-गडचिरोलीचा एक नंबर साग हाताशी असून त्यावर चकचकीत मेलामाइन पॉलिश मारायची मागणी येते.

फिन यूलच्या खुर्चीचे फोटो मोठे करून बघितले. हाताची पट्टी जिथे पायाला मिळते तिथे लाकूड वितळल्यासारखं दिसतं. ते कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, आत कसं बसवलं असेल याचा दोन दिवस विचार करतोय. रंधा मारून असा आकार निघत नाही, तो कानशीने आणि हाताच्या स्पर्शाने काढावा लागतो.

वेत्रवती:

सुतारपक्षीदादा, तुम्ही लिहीत राहा. सागाच्या बाबतीत तुमचा अंदाज बरोबर आहे. फ्रान्स अँड सन या डॅनिश कंपनीने पोलादी पात्यांऐवजी कार्बाइडची पाती वापरून सागाचं फर्निचर मोठ्या प्रमाणावर काढलं, त्यात यूलची डिझाइनंही होती. आणि सयाममधल्या, म्हणजे आताच्या थायलंडमधल्या, सागाच्या व्यापारात डॅनिश लोक जुने होते. कोपनहेगनची ईस्ट एशियाटिक कंपनी १८९७ ची, आणि तिच्या धंद्यात तिथला साग हा मोठा भाग.

कोंदण:

एक शंका. फिन यूल क्लिंटचा विद्यार्थी होता का? चीफटनमध्ये ते मोजमापाचं वळण मला दिसत नाही, ती एखाद्या शिल्पासारखी वाटते.

वेत्रवती:

नव्हता, आणि तुमची नजर बरोबर आहे. यूल वास्तुरचना शिकला, फर्निचरचं रीतसर शिक्षण त्याने घेतलं नाही. त्याला आधुनिक शिल्पकलेचं वेड, विशेषतः हान्स आर्पच्या आकारांचं. १९४० ची त्याची 'पेलिकन' खुर्ची बघून तिथल्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती. क्लिंटपंथीयांना हे सगळं उधळेपणाचं वाटायचं.

यूलची खरी करामत अशी, की भार पेलणारा सांगाडा आणि अंगाला आधार देणारा भाग त्याने वेगळे करून दाखवले. १९४५ च्या त्याच्या खुर्चीत बैठक लाकडापासून सुटलेली, तरंगती वाटते. सांगाडा इतका बारीक करायचा तर सांधे अचूक हवेत, एक केसभर सैल असून चालत नाही. व्होडरच्या हातात ते होतं म्हणून यूलचे आकार कागदावरच राहिले नाहीत. अशा दोन परस्परविरोधी वाटा एकाच प्रदर्शनात शेजारी मांडल्या जात होत्या, हे त्या व्यवस्थेचं मोठेपण.

मेधा ओरहूस:

मी इथे डेन्मार्कमध्ये राहते. वेत्रवती, तुझा लेख सुंदर आहे, पण एक बाजू राहिली, आणि इथल्या सामान्य घरांत तीच जास्त दिसते.

सुतारांच्या संघाचं फर्निचर महाग होतं. कामगार, शिक्षक, कारकून यांना ते परवडणारं नव्हतं. इथे सहकार फार खोल रुजलेला आहे. पहिली सहकारी दूध डेअरी १८८२ ची, आणि ग्राहकांच्या सहकारी दुकानांचा संघ एफडीबी १८९६ चा. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हे चटकन समजेल. या एफडीबीने १९४२ साली, युद्ध चालू असताना, स्वतःचा फर्निचर विभाग काढला आणि बॉर्गे मोगेन्सनला प्रमुख केलं. तो क्लिंटचा विद्यार्थी, शिवाय शिकलेला सुतार, आणि वेग्नरचा जवळचा मित्र. लहान फ्लॅटमधल्या साध्या कुटुंबाला पुरेल असं टिकाऊ, स्वस्त फर्निचर हे त्याचं काम.

१९४७ ची त्याची जे-३९ खुर्ची इथे 'लोकांची खुर्ची' म्हणून ओळखली जाते. बीचचं लाकूड, सरळ पाय, पाठीला एक रुंद वाकवलेली फळी, विणलेली बैठक. एवढंच. ग्रंथालयात, चर्चच्या सभागृहात, मैत्रिणीच्या आजीच्या स्वयंपाकघरात, मला ती सगळीकडे भेटली. माझ्या मते डॅनिश डिझाइनचा कळस चीफटन नसून ही खुर्ची आहे.

बैठकीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. युद्धात बाहेरून येणारं सागरी गवत बंद झालं, तेव्हा पिळून दोरीसारखा केलेला कागद वापरायला लागले. युद्ध संपलं तरी तो राहिला, कारण स्वस्त आणि मजबूत. वाय चेअरच्या बैठकीला साधारण १२० मीटर कागदी दोर लागतो आणि तो आजही हातानेच विणतात.

दगडफूल:

कागदाची बैठक!! आमच्या शाळेत वेताच्या खुर्च्या परत विणायला अंध कारागीर यायचे. त्यांची बोटं ज्या वेगाने चालायची ते आठवलं. कागदी दोरावर माणूस बसतो आणि तो दशकानुदशकं टिकतो, हे विलक्षण आहे.

अरुणोदय:

मेधाताईंचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा थोडा पुढे नेतो. सहकार, संघ, अकादमी ही सगळी तयारी खरी. पण आज जगात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या डॅनिश खुर्च्या वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेनच्या आहेत, आणि तिथे सुतार कुठे आहे? १९५२ ची 'अँट' ही नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी केलेली. दाबून वाकवलेला प्लायवूड, तीन पोलादी पाय. १९५५ ची 'सिरीज ७' त्याच तंत्राची. कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी केलेल्या 'एग' आणि 'स्वान' तर फोमच्या कवचावर कापड किंवा चामडं. हे पूर्णपणे कारखान्याचं काम आहे.

वेत्रवती:

कारखान्याचं आहे, हो. फ्रिट्झ हान्सेनचं. ती कंपनीही एकोणिसाव्या शतकात एका सुतारानेच काढलेली, आणि लाकूड वाफेवर वाकवण्याचा तिचा अनुभव जुना. प्लायवूड एका दिशेला वाकवणं सोपं. बैठक आणि पाठ एकाच तुकड्यात, दोन्ही दिशांना वाकवायची तर तो फाटतो. अँटची कंबर एवढी बारीक का, तर जिथे ताण येऊन फाटणार तिथलं लाकूडच काढून टाकलं. मुंगीसारखा आकार असा तयार झाला. साहित्याच्या मर्यादेतून आकार काढणं ही विचारपद्धत मला सुताराचीच वाटते, यंत्र कोणतंही असो. इथे तुमचं-माझं मत वेगळं राहिलं तरी हरकत नाही.

शलाका:

सगळी नावं पुरुषांची. बायका नव्हत्या का?

वेत्रवती:

होत्या, आणि त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. नाना डित्सेल आणि ग्रेटे याल्क दोघीही आधी सुतारकाम शिकल्या. याल्कची १९६३ ची प्लायवूडची खुर्ची फक्त दोन वाकवलेल्या तुकड्यांची आहे, कागदाच्या घड्या घालाव्यात तशी. तिचं उत्पादन फारच थोडं झालं, पण जगातल्या मोठ्या संग्रहालयांत ती आहे. संघाच्या चाळीसही प्रदर्शनांचा दस्तऐवज चार खंडांत याल्कनेच संपादित केला. आज आपण एवढं बोलू शकतोय ते बरंचसं तिच्यामुळे.

कोंदण:

मग १९६६ ला थांबलं का? एवढं चांगलं चाललेलं असताना?

वेत्रवती:

चांगलं चाललेलं नव्हतं. मजुरी वाढली, हाताने केलेली खुर्ची मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेली. परदेशी मागणी पुरवण्यासाठी कारखान्यांनी तेच ते सागाचं फर्निचर काढलं, त्याचा दर्जा घसरला, स्वस्त नकलांचा पूर आला. तरुणांना प्लास्टिक आणि भडक रंग हवे होते. व्हर्नर पँटनची एकाच साच्यातून निघणारी प्लास्टिकची खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली, तीही डॅनिश माणसाची, पण बनवली परदेशी कंपनीने. कार्यशाळा एकेक करून बंद झाल्या. संघाला प्रदर्शन भरवणारे सुतारच कमी पडू लागले. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की डिझायनरांची नावं वाढत गेली आणि व्होडर, हान्सेन, इव्हर्सन, रासमुसेन ही सुतारांची नावं फक्त लिलावाच्या यादीत उरली.

सुतारपक्षी:

नकलांवरून विचारतो. माझ्याकडे गिऱ्हाईक वाय चेअरचा फोटो घेऊन येतात, 'अशीच करून द्या' म्हणतात. मी काय करावं?

वेत्रवती:

दादा, हुबेहूब करून देऊ नका, तुमचं नाव त्याहून मोठं आहे. नकलेचा इतिहास जुना आहे. क्रिस्टीन कीलर या ब्रिटिश मॉडेलचा १९६३ चा प्रसिद्ध फोटो ज्या खुर्चीवर काढला, ती सिरीज ७ ची नक्कलच होती. पाठीला भोक पाडून थोडी वेगळी केलेली. पण वेग्नरने मिंग खुर्चीचं जे केलं ते तुम्ही वाय चेअरचं करू शकता. मापं घ्या, का ते समजून घ्या आणि मग आपल्या सागात, आपल्या बसण्याच्या सवयीला धरून दुसरी करा. आपल्याकडे खुर्चीवर मांडी घालून बसणारे किती आहेत! त्यांच्यासाठी बैठक किती खोल हवी, हात किती लांब असावेत, हे क्लिंटसारखं कोणी मोजलंय का?

छावणी:

माझ्या घरी मीच तसा बसतो. मोजायला या.

मेधा ओरहूस:

आताची परिस्थितीही सांगते. १९५३ मध्ये दोन भावांनी कोपनहेगनजवळ आलेरोडला सुरू केलेली पीपी मोबलर ही कार्यशाळा अजून चालू आहे आणि योहानेस हान्सेनची कार्यशाळा बंद पडल्यावर राउंड चेअर आता तिथे होते. एफडीबीचं जुनं फर्निचर २०१३ पासून परत बाजारात आलंय. सुतारकामाची उमेदवारीही आहे. शेवटी स्वतःच्या हाताने एक वस्तू पूर्ण करून परीक्षकांपुढे ठेवावी लागते, तेव्हाच प्रमाणपत्र मिळतं. आमच्या शेजारची मुलगी सध्या तेच शिकतेय, तिने टेबल करायला घेतलंय.

सुतारपक्षी:

वेत्रवतीताई, मांडी घालून बसायच्या खुर्चीचं मनावर घेतलं. वडिलांची, छावणीकाकांची आणि कारागिरांची मापं घेतो. कोणकोणती घ्यायची ते सांगा.

वेत्रवती:

लगेच लिहून घ्या. मांडी घातल्यावर एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं अंतर, पाठीपासून नडगीपर्यंतची खोली, बैठकीपासून कोपराची उंची, आणि पाय खाली सोडल्यावर गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून जमिनीपर्यंत. चारही मापं प्रत्येकाची दोनदा घ्या, एकदा बसल्या बसल्या आणि एकदा वीस मिनिटांनी, कारण माणूस हळूहळू घसरतो. मी माझ्या वर्गातल्या मुलांची घेते. आकडे इथेच टाकूया, म्हणजे अरुणोदय आणि कोंदण यांनाही भर घालता येईल.